रविवारचं टायमिंग

जालन्यात पहाटे कुणी पळताना दिसलं की बघणारा एकच प्रश्न विचारतो, "भरती का?" विचारण्यात कुचेष्टा नसते, थोडं कौतुकच असतं. पोलीस, एसआरपी, आर्मी, वनरक्षक यांपैकी काहीतरी निघालंय किंवा निघणार आहे, त्याशिवाय माणूस अंधारात उठून पळेल कशाला, असा साधा हिशेब. चालणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. मोतीबागेत चालणारा शुगरवाला आणि अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी निघालेला नवसाचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पळणारा मात्र भरतीचा. मी पन्नाशीकडे झुकलेली बाई, सलवार-कमीजखाली बूट घालून धापा टाकत चाललेली, तर एका दूधवाल्याने गाडी हळू करून मलाही विचारलं, "काकू, तुम्ही बी भरती करू राह्यल्या का?" उत्तर द्यायला माझ्याकडे दम नव्हता. हात हलवला, तो हसून पुढे गेला.

आमच्याकडे दर रविवारी सकाळी ५ किलोमीटरचं पळणं असतं. फी नाही, टी-शर्ट नाही, पदक नाही, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन नाही. शहराबाहेर जाणारा कमी रहदारीचा एक रस्ता आहे. अडीच किलोमीटरवरच्या कडुनिंबाला वळसा घालायचा आणि आलो तिथे परत यायचं. येणाऱ्या प्रत्येकाची वेळ सेकंदासकट लिहिली जाते आणि दुपारच्या आत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडते. काही रविवारी मी पळते, काही रविवारी घड्याळ धरते. पळून तब्येत सुधारली हे खरं, पण माणसं कळली ती घड्याळ धरल्यामुळे.

सुरुवात भरतीच्या पोरांपासूनच झाली. आमच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांमध्ये ही मुलं राहतात. कुणी भोकरदन-जाफराबादकडची, कुणी मंठा-परतूरची, कुणी घनसावंगीची. एका खोलीत तीन-चार जण, जेवायला मेस किंवा गावाकडून येणारा डबा, दिवसभर अभ्यासिका आणि पहाटे मैदान. त्यांची अडचण एकच. प्रत्येकाला पळायचं असतं आणि प्रत्येकाला आपलं टायमिंग हवं असतं, मग घड्याळ कुणी धरायचं? स्वतःच्या हातातलं घड्याळ बघत पळणारा शेवटच्या दोनशे मीटरला घड्याळ बघतो तरी किंवा पळतो तरी. मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवणशक्ती तपासते. दिवसभर मोजणे आणि लिहिणे हाच माझा धंदा, हे गल्लीत माहीत होतं. एका मुलाने दारात येऊन विचारलं, "काकू, रविवारी तासभर येता का? नुसतं लिहायचं." गेले, आणि जातच राहिले.

या मुलांचं आयुष्य किती बारीक मापावर चालतं, ते बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीत शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी संपवलं तर २० पैकी २० गुण. त्याच्या पुढे एक सेकंद गेला की १८. मुलींच्या ८०० मीटरला हीच रेघ २ मिनिटं ५० सेकंदांवर. २०२४ च्या जूनमध्ये राज्यात १७ हजारांहून जास्त जागांसाठी मैदानी चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा अर्ज लाखांच्या घरात होते. एवढ्या गर्दीत दोन गुण म्हणजे खोलीभाड्याचं आणखी एक वर्ष. म्हणून ही मुलं "कसं पळालास?" असं विचारतच नाहीत. "किती आलं?" विचारतात. पाच-अठरा, पाच-बारा, पाच-नऊ अशीच त्यांची बोली. पाच-नऊवाला त्या दिवशी नाश्त्याचे पैसे देतो.

पुढे आमचं अंतर १६०० मीटरवरून ५ किलोमीटरवर गेलं, त्याचं कारणही जालन्यातलंच. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आमच्या शहरात आहे, आणि एसआरपीच्या भरतीत ५ किलोमीटर धावायचं असतं. काही मुलं त्या तयारीत होती. रविवारी एकदा पाच किलोमीटर काढू, असं त्यांनी ठरवलं. मी हे इंग्लंडात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, हे तर पार्करन झालं!"

मग त्याने सगळी गोष्ट सांगितली. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनमधल्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट नावाच्या माणसाने ५ किलोमीटरचं पहिलं पळणं भरवलं. तो स्वतः पळणारा, पण दुखापतीमुळे घरी बसलेला, नोकरीही नुकतीच गेलेली. मित्रांपासून तुटायचं नाही म्हणून त्याने त्यांना पळायला बोलावलं आणि स्वतः वेळ घेतली. पहिल्या दिवशी १३ जण पळाले. आलेल्यांचा क्रम ठेवायला त्याने हार्डवेअरच्या दुकानातले वायसर आणून त्यांवर आकडे ठोकले होते. पैसे घ्यायचे नाहीत, दर आठवड्याला भरवायचं आणि सगळं काम स्वयंसेवकांनी करायचं, हे त्याचे नियम. आज वीसहून जास्त देशांत शनिवारी सकाळी हे पळणं होतं. गांधीजयंतीच्या दिवशी सुरू झालेला फुकटचा, सगळ्यांना खुला असा हा उपक्रम मला ऐकताक्षणी आवडला. जालन्यात पार्करन नाही, आणि आम्ही ते नाव लावतही नाही. पण सल्ले मात्र भाच्याकडून बिनधास्त घेतले. पहिला सल्ला टोकनांचा.

दहा-बारा जण असेपर्यंत नावं ओळखून लिहिता येतात. पुढे मात्र एकदम सहा-सात जण अंगावर येतात, त्यांतले दोन अनोळखी, एक जण ओरडून स्वतःचं नाव सांगतोय आणि तेवढ्यात मागून आणखी तिघं. म्हणून काम दोघांत वाटायचं. घड्याळवाल्याने फक्त लॅपचं बटण दाबायचं. कोण आलं याच्याशी त्याचा संबंध नाही. टोकनवाल्याने क्रमाने १, २, ३ अशी टोकनं हातात द्यायची. वेळ किती झाली याच्याशी त्याचा संबंध नाही. मग पळणारा टोकन घेऊन वहीवाल्याकडे येतो आणि नाव सांगतो. शेवटी दोन याद्या जुळवायच्या. रेघेनंतर दोन दोऱ्या बांधून अरुंद वाट केली, म्हणजे पुढे आलेला पुढेच राहतो. आमची टोकनं पुठ्ठ्याची आहेत, लॅमिनेट केलेली. अधूनमधून एखादं कुणाच्या खिशातून घरी जातं आणि ट्रॅकपँटबरोबर धुऊन निघतं. बुशी पार्कातही टोकनं अशीच घरी जायची, हे भाच्याने सांगितल्यावर आमच्या पोरांना फार बरं वाटलं.

अंतर मोजण्यावरून मोठा वाद झाला. एकाच्या मोबाइलवर ४.९ यायचं, दुसऱ्याच्या ५.१, आणि ज्याचं टायमिंग वाईट त्याचा मोबाइल नेमका जास्त अंतर दाखवायचा. शेवटी रस्त्याच्या ठेकेदाराकडे काम करणारा एक जण मोजणीचं चाक घेऊन आला. ते चाक आधी टेपने आखलेल्या शंभर मीटरवर फिरवून तपासलं आणि मग कडुनिंबापर्यंत नेलं, वळणांवर आतल्या कडेने, कारण पळणारा माणूस जवळचीच वाट धरतो. आरंभाची रेघ थोडी मागे सरकली. त्या दिवशी सगळ्यांचं टायमिंग काही सेकंदांनी वाढलं आणि दोन मुलांनी तोंड पाडलं. पण त्यानंतर अंतरावरून भांडण झालं नाही. भरतीत आता पायाला चिप लावून वेळ घेतात. आमच्याकडे चिप नाही, पण चाक फिरवलेलं अंतर आहे, आणि हातात घड्याळ असलेल्या माणसाला कुणाच्या निकालाशी देणं-घेणं नाही. मुलांना तेवढं पुरतं.

माझं रोजचं काम इथे वेगळ्या रीतीने कामी आलं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. पुढे या शहरात बियाण्यांच्या इतक्या कंपन्या आल्या की कापूस, मका, भाजीपाला यांच्या बियाण्यावर कितीतरी घरं चालतात. प्रयोगशाळेत आम्ही नमुन्यातून ४०० दाणे घेतो. ते एकदम लावत नाही, शंभर-शंभरच्या चार भागांत लावतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत किंवा वाळूत, ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या दिवसांपर्यंत. मग चारही शेकड्यांचे आकडे शेजारी मांडून पाहतो. त्यांच्यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर ती चाचणीच धरत नाही, पुन्हा लावतो. नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगते, की एका शेकड्यावरून लॉटबद्दल बोलायचं नाही.

मैदानावर घड्याळ धरून उभी राहिले तेव्हा मला हेच डोळ्यांसमोर दिसू लागलं. भरती माणसाला एकदाच मोजते. त्या सकाळी पाऊस असेल, आदल्या रात्री एसटी स्टँडवर झोपावं लागलं असेल, मुलीची पाळी असेल, पोट बिघडलं असेल. त्या एका वेळेवर वर्षाचा निकाल. भरतीचा यात दोष काढता येत नाही. लाखो माणसं पुन्हा पुन्हा मोजायची कशी? पण मुलं तो एक आकडा कपाळावर घेऊन फिरतात, तेव्हा वाईट वाटतं. दर रविवारच्या वेळा ओळीने लिहिल्या की वेगळंच चित्र निघतं. माझ्याच घ्या. कधी ४१ मिनिटं, कधी ४४, वाऱ्याच्या दिवशी ४५ च्या पुढे. एखाद्या रविवारी ४०.५० आले तर मी लगेच वेगवान झाले नाही आणि ४५ आले म्हणून म्हातारीही झाले नाही. मी चाळीस ते पंचेचाळीसची बाई आहे, हे माझं खरं माप. ते कळायला महिने लागतात आणि घड्याळ धरणारा नेमाचा माणूस लागतो.

एका मुलीला हे दाखवलं त्याचा मला विशेष आनंद आहे. अंबडकडची, ८०० मीटरची तयारी करणारी. रविवारी वेळ चांगली आली की आठवडाभर उड्या, वाईट आली की दोन दिवस जेवण सोडायची. तिच्या वेळांची ओळ कागदावर उतरवली आणि तिच्यासमोर ठेवली. खालीवर होत होती, पण सगळी ओळ मिळून उतरणीला लागली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी वाईट पळाले त्या दिवशी बी सुधरतच होते?" तसंच होतं. लेखी परीक्षेच्या पुस्तकातच तिने तो कागद ठेवला.

मुलांच्या प्रशिक्षकांना आमचं पाच किलोमीटर सुरुवातीला पटत नव्हतं. सोळाशेवाल्याने पाच हजार कशाला पळायचं, पाय जड होतात, असं त्यांचं म्हणणं. त्यात अर्धं तथ्य आहे, नुसतं लांब पळून शेवटचा जोर येत नाही. पण पाच मिनिटांच्या शर्यतीतसुद्धा श्वासाचं काम मोठं असतं, आणि तो श्वास लांब आणि सावकाश पळून तयार होतो. आता आठवड्यातले बाकीचे दिवस ते त्यांच्या पद्धतीने दोनशे-चारशेचे राउंड मारतात आणि रविवार आमच्यासाठी सोडतात.

पळणाऱ्यांची यादी बघितली की जिल्ह्याचं वर्ष कळतं. जूनमध्ये पेरणी, तेव्हा गावाकडची मुलं गायब. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापसाची वेचणी, घरी हात कमी पडतात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की दोन-तीन नावं उन्हाळ्यापर्यंत दिसत नाहीत. भरतीची जाहिरात आली की पुठ्ठ्याची टोकनं कमी पडतात. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, तोवर थंडीत उभं राहायचं. मेमध्ये पावणेसहालाच उजाडतं आणि आठच्या आत घरी पोहोचलं नाही तर ऊन डोक्यात जातं, म्हणून आरंभाची वेळ ऋतूप्रमाणे सरकते. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची काळी माती बुटाला अशी धरते की एकेक पाय किलोभर जड होतो. तेव्हा सगळेच हळू, आणि त्याबद्दल कुणी रडत नाही.

बायकांची हजेरी मात्र ऋतूपेक्षा नळावर ठरते. जालन्याला जायकवाडीहून पाणी येतं, पण घरातल्या नळाला ते काही दिवसांआड. आमच्या भागात रविवारी पाण्याचा नंबर आला की बायका पळायला येत नाहीत. मोटार कोण लावणार, टाकी कोण बघणार? पुरुषांची हजेरी त्या दिवशी रेसभरही हलत नाही. ही गोष्ट मी यादीत दाखवली तेव्हा काही पुरुष हसले. एक मात्र पुढच्या पाण्याच्या रविवारी स्वतः घरी थांबला आणि बायकोला पाठवलं. ती ३६ मिनिटांत आली, त्याच्यापेक्षा लवकर.

नावांचाही प्रश्न आला. निकाल ग्रुपवर टाकतो, तर तीन-चार जणींनी सांगितलं की आमचं नाव नको. कुणाच्या सासऱ्यांना पळणं माहीत नव्हतं, कुणाला गावातल्या ग्रुपवर चर्चा नको होती. आम्ही ठरवलं, की नाव द्यायचं की नाही हे पळणाऱ्याने ठरवायचं. यादीत त्या ओळीवर नुसता टोकन क्रमांक आणि वेळ. वहीत मात्र प्रत्येकीची ओळ नीट ठेवलेली. वर्षभरात त्यांतल्या दोघींनी आपणहून येऊन सांगितलं, "आता नाव टाका." काय बदललं ते मी विचारलं नाही.

सगळ्यात शेवटी कोण येणार, ही नव्या माणसाची पहिली भीती. पार्करनमध्ये एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे शेवटचा क्रमांक नेहमी त्याचाच. आम्ही तेच उचललं, आणि आमच्या बायकांना ते समजावून सांगावं लागलं नाही. खुरपणीत जिची पात आधी संपते ती मागे राहिलेलीच्या पातीला समोरून लागते, मग दोघी बरोबर बांधावर येतात. त्यातलंच हे. पोलाद कारखान्यातून रात्रपाळी करून थेट येणारा एक कामगार आहे, भट्टीसमोर आठ तास उभा राहिलेला. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका आहेत, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून येणारे. काकांना यायला तासाला पाच-सात मिनिटं कमी लागतात. तोपर्यंत घड्याळ बंद होत नाही, दोरी सुटत नाही, टोकन हातात तयार असतं. पाच-नऊवाली पोरं पोहे खाऊन झाल्यावर रेघेपाशी येऊन उभी राहतात आणि काका दिसले की आरडाओरडा करतात. भरतीच्या मैदानावर मागे राहिलेल्यासाठी कुणी ओरडत नाही, कारण तिथे तो मागे राहिला तर आपली जागा पुढे सरकते. इथे कुणाचीच जागा सरकत नाही.

मग निकालाची यादी क्रमाने लावायची कशाला, असाही वाद आमच्यात झाला. कंडक्टरकाका म्हणाले, नावं बाराखडीने लावा. पोरं उसळली. क्रम नसेल तर पळायचं कशाला? थोड्या दिवसांनी भाच्याने कळवलं की पार्करनलाही हाच प्रश्न पडलाय. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी संकेतस्थळावरचे सर्वांत वेगवान वेळांचे विक्रम काढून टाकले, नवख्या माणसाला बुजायला होऊ नये म्हणून, आणि त्यावरून नाराजी उसळली. मला दोन्ही बाजू पटतात, पण मी आकडे काढून टाकायच्या विरुद्ध आहे. माणूस बुजतो तो आकड्याला नव्हे, आकड्यावरून कुणी त्याला बाहेर काढेल या भीतीला. आम्ही क्रम ठेवला आणि प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना घातला: स्वतःच्या आधीच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा किती कमी-जास्त. कंडक्टरकाका त्या रकान्यात कितीदा तरी पहिले असतात.

जिंकण्याची आस वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. मराठवाड्यातल्या पोरांना तर नाहीच. शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि तिथून धावपटू झाला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसला त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्य मिळवलं. सुवर्णपदक विजेता त्याच्या फक्त पाच शतांश सेकंद पुढे होता. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आमच्या पोरांच्या मोबाइलवर ती शर्यत असते. पण साबळेचं नाव घेताना ती पोरं एक गोष्ट विसरतात, ती मी मुद्दाम सांगते. सैन्यात भरती झाल्यावर त्याचं खरं पळणं सुरू झालं. आमच्याकडे उलटं होतं. भरती झाली की पळणं सुटतं, आणि भरती नाही झाली तर कायमचंच सुटतं.

पोलीस शिपाई होण्यासाठी वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला २८, मागास प्रवर्गाला ३३. ती ओलांडली की मुलं स्वतःला 'एजबार' म्हणवतात. भोकरदनकडचा एक मुलगा असाच. सहा-सात वर्षं खोलीत काढलेली, १६०० ला पाच-चौदाच्या आसपास, दरवेळी लेखीत थोडक्यात हुकणारा. वयाची ३३ वर्षं झाली आणि तो मैदानावरून नाहीसाच झाला. कुरिअरची पाकिटं वाटताना रस्त्यात भेटला. मी म्हटलं, रविवारी ये. म्हणाला, "आता पळून काय करू काकू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला पळायला बोलावलंच नाही. म्हटलं, घड्याळ धरायला माणूस कमी आहे.

तो आला. उत्तम वेळ घ्यायचा. एवढी वर्षं दुसऱ्याच्या हातातल्या घड्याळाकडे बघत पळालेला माणूस, त्याला एक सेकंद काय असतो हे सांगावं लागत नव्हतं. नवी पोरं रेघेच्या चार पावलं आधीच ढिली पडतात, ते त्याने सगळ्यात आधी पकडलं. वर्षाच्या शेवटी एका रविवारी त्याने घड्याळ माझ्या हातात दिलं आणि बूट बांधले. १९ मिनिटांच्या थोडं आत आला. टोकन घेताना मला विचारतो, "याला किती गुण?" मी म्हटलं, याला तक्ता नाही. तो हसला, पण मला वाटतं ते त्याला पचायला बरेच रविवार लागले. सोळा वर्षांच्या पोरापासून तिशीपर्यंत ज्याचं पळणं कुणीतरी वीसपैकी तपासलंय, त्याला बिनगुणांचं पळणं सुरुवातीला रिकामंच वाटणार. आता तो अर्ध्या तासाच्या आत यायचं म्हणणाऱ्यांबरोबर पळतो, त्यांना वेग धरून देतो. त्यांच्यात दोन बँकवाले, एक शिक्षिका आणि परवा परवा पळायला लागलेला एक दूधवाला आहे.

बियाण्याच्या पिशवीवर चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत छापलेली असते. चाचणीच्या तारखेपासून साधारण ९ महिने. मुदत संपली म्हणून ते बियाणं कुणी उकिरड्यावर टाकत नाही. नमुना परत आमच्या टेबलावर येतो, परत शंभर-शंभरचे चार भाग लागतात, आणि प्रमाणात उतरलं तर मुदत ६ महिन्यांनी वाढते. तारखेवरून निकाल लावायचा नाही, उगवून बघायचं, हा कापसाच्या दाण्याला मिळणारा न्याय आहे. जिल्ह्यात दरवर्षी शेकडो तयार पाय तारखेवरून बाजूला पडतात. त्यांना नोकरी देणं आमच्या हातात नाही. पुन्हा लावून बघणं मात्र आहे, त्याला एक रस्ता, एक दोरी, थोडे पुठ्ठे आणि दोन मोबाइल लागतात.

बाकी सगळं जमलंय. पळणारे वाढलेत, टोकनं नवी कापून आणलीत, भाचा सुटीत आला की कडुनिंबापाशी उभं राहायचं कबूल करून बसलाय. अडचण जुनीच आहे. तुम्ही जालन्यात असाल आणि पळवत नसेल, तर फार बरं. घड्याळ धरायला माणूस हवाय.